आमेन म्हणणारी पंचायत

पाद्रीबाबांकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी कधी पाहिलं नाही. सायकल हातात धरून ते चालत. हँडलच्या एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला कापडी पिशवी आणि मागं कॅरिअरवर दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी बांधलेलं. कुणा म्हातारीची औषधाची बाटली, कुणी चाकणच्या बाजारातून मागवलेलं कांद्याचं बी, कुणाचा दुरुस्तीला टाकलेला कंदील. खडकमाळच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. माझा स्वभाव मुळातच तोंडाळ, त्यामुळं न राहवून विचारलं, "बाबा, ही सायकल चालत नाही का?"

"चालते की," ते म्हणाले. "पण बसलो की उतरावं लागतं. चार पावलांवर कुणीतरी हाक मारतंच. त्यापेक्षा न बसलेलं बरं."

मनात म्हटलं, काय वल्ली आहे! पण पुढं त्यांच्याबरोबर एकदा चावडीपासून ओढ्यापर्यंत चालत गेले तेव्हा पटलं. एवढ्याशा अंतराला आम्हाला अर्धी सकाळ लागली.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची, कंपन्या यायच्या आधीची. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर इंद्रायणी ओलांडून पुढं गेलं की आमचं खडकमाळ. तेव्हा पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता. माझे यजमान तिथं कामाला होते आणि शिफ्ट असेल तशी सायकल हाणत जात-येत. बाकी सगळीकडे बाजरी, कांदा आणि माळ. त्या माळाच्या कडेला, गावाच्या जरा बाहेर, मिशनचं छोटं देऊळ होतं. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत. तिथले पाळक म्हणजे रेव्हरंड शमुवेल वाघचौरे. ख्रिस्ती मंडळी त्यांना पाळकसाहेब म्हणत आणि गाव म्हणे पाद्रीबाबा.

मूळचे ते नगरकडचे. आजोबा महारवाड्यात जन्मले आणि दुष्काळात ख्रिस्ती झाले, हे ते स्वतःहून सांगत. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नसे आणि मिरवण्यासारखंही नाही. दादा पाटलांच्या ओसरीवर त्यांना बसायला वेगळं पोतं मिळे आणि चहा मिळे तो वेगळ्या पेल्यात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाहेर आल्यावर म्हटलं, "बाबा, तुम्ही पिता तरी कसा तो चहा?"

"चहा चांगला असतो, बाई," ते शांतपणे म्हणाले. "पेल्याचा प्रश्न पाटलांचा आहे. त्यांनी सोडवायचा."

मला नाही पटलं. आजही पूर्ण पटत नाही. पण एवढं खरं, की माझ्या रागानं पाटलांच्या घरातलं भांडं हललं नसतं आणि बाबा पुन्हा पुन्हा तिथं जाऊन बसले म्हणून ते हललं. वेगळा पेला कधी गेला हे पाटलांनाही सांगता आलं नसतं.

रविवारची उपासना झाली की घरोघर जाऊन विचारपूस करायची हे पाळकाचं कामच. ख्रिस्ती घरं मोजकीच, पण वाटेत अख्खं गाव लागायचं, म्हणून बाबा सगळ्याच दारांत उभे राहत. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "घरात आजारी कोण?" मग त्या माणसाजवळ बसायचं, कपाळाला हात लावायचा, औषध कुठं मिळेल ते सांगायचं. न मिळालं तर स्वतःच आणायचं. हळूहळू असं झालं, की घरात कुणीच आजारी नाही हे सांगताना लोकांना ओशाळल्यासारखं होई. कोपऱ्यावरची एक म्हातारी बाबांची छत्री दिसली की खास गुडघा धरून बसायची. तिचा गुडघा ठणठणीत होता. बाबांना ते माहीत होतं आणि बाबांना माहीत आहे हे म्हातारीलाही माहीत होतं.

असा हा माणूस राजकारणात आला तो स्वतःच्या हौसेनं नाही. खडकमाळात दोन आळ्या होत्या. वरची आळी दादा पाटलांची, खालची खंडूआबांची. दोघांच्या भांडणाचं मूळ काय ते दोघांनाही नीट आठवत नव्हतं, पण भांडण मात्र बापजाद्यांच्या जमिनीसारखं जपलेलं. ग्रामपंचायतीत दोन्हीकडची माणसं सारखी. बाबांना माळावरच्या वस्तीचे सभासद म्हणून एका कोपऱ्यात बसवलेलं. सरपंच निवडायची वेळ आली आणि काही केल्या तिढा सुटेना. तेव्हा दादा पाटील वैतागून म्हणाले, "ह्या पाद्र्याला करा सरपंच. ह्याला भावकी न्हाई."

खंडूआबांनी जरा विचार केला. "व्हय," ते म्हणाले. "ह्याची सोयरीक आमच्यात न्हाई आन् ह्याचा बांध बी आमच्या बांधाला न्हाई. करा."

लायकी बघून नव्हे, भावकी नाही म्हणून माणूस सरपंच झाला! मी हे माझ्या यजमानांना सांगितलं तेव्हा ते हसून हसून बेजार झाले. पण आता वाटतं, गाव अडाणी असलं तरी त्याची अक्कल जाग्यावर होती.

पहिल्या सभेत बाबांनी ठराव वाचला, ओढ्यावर फरशी टाकण्याचा. वाचून संपल्यावर सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमेन." वर्षानुवर्षं व्यासपीठावर बोलणारा माणूस, तोंडाला वळणच पडलेलं. खंडूआबांना वाटलं, स्वराज्य आलंय, कायदे बदलले आहेत, ठरावाला आता असंच म्हणायचं असणार. तेही गंभीरपणे म्हणाले, "आमेन." खालची आळी म्हणाली म्हटल्यावर वरची आळी मागं कशी राहील? दादा पाटलांनी दुप्पट आवाजात म्हटलं, "आमेन!" ठराव पास.

बाबा कानकोंडे झाले. म्हणाले, "अहो मंडळी, हा शब्द आमच्या प्रार्थनेतला आहे. तसंच होवो, असा त्याचा अर्थ. तुम्ही आपलं मंजूर म्हणा."

"मग चांगलाच हाय की," खंडूआबा म्हणाले. "मंजूर म्हणलं की कोण नामंजूर म्हणून भांडाया लागतं. आमेन म्हणलं की सभा संपती."

त्या दिवसापासून खडकमाळच्या पंचायतीत रस्ता असो, विहिरीचा गाळ असो की कोंडवाड्याचं दार, ठरावाच्या शेवटी दोन्ही आळ्या एका सुरात आमेन म्हणू लागल्या. बाबांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं, पण कुणी ऐकेना. शेवटी त्यांनी नाद सोडला.

आता माझ्या दुखण्याकडे येते. आमची शाळा चौथीपर्यंत. मुलगे पुढं मोशीला नाहीतर चाकणला चालत जात. पोरी मात्र चौथी झाल्या की शेण थापायला. खंडूआबांची विमल तेव्हा माझ्या हाताखाली होती. पोर अशी तल्लख, की मी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत तिचं उत्तर तयार. तिला चुलीपुढं बसलेलं बघायचं या कल्पनेनंच माझ्या जिवाची तगमग व्हायची. सातवीची फायनल पास झाली तर तेव्हा मुलीला मास्तरकी मिळत असे, निदान नवरा जरा बरा मिळत असे. स्कूल बोर्डाचं म्हणणं होतं, गाव खोली देत असेल तर सातवीपर्यंतचे वर्ग देऊ. मग खोली कुठं? मारुतीच्या देवळात ओसरी होती, पण ती वरच्या आळीत. चावडीशेजारी पडवी होती, पण ती खालच्या. पोरींना शिकवायला कुणाची ना नव्हती, दुसऱ्या आळीत पाठवायला होती. कप्पाळ!

मी तणतणत बाबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचं देऊळ रविवार सोडला तर रिकामंच असतं. ते कुणाच्याच आळीत नाही."

दोन्ही आळ्यांनी आमेन म्हटलं आणि वर्ग सुरू झाले. काय दिवस होते ते! सकाळचं ऊन खिडकीतून सतरंजीवर पडलेलं, समोर साधा लाकडी क्रूस आणि पोरी मोठ्यानं पाढे म्हणतायत. बाबा मागच्या दारानं कधी येत आणि नुसतं ऐकत उभे राहत. पहिल्या दिवशीच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "बाई, इथं तुम्ही आमचं काहीही शिकवायचं नाही. मीही येऊन बोलणार नाही. पोरी विश्वासानं पाठवल्यात लोकांनी." आणि त्यांनी तो शब्द पाळला. एक अक्षर नाही.

पण पोरींचे बाप पंचायतीत काय म्हणतात ते पोरींच्या कानांवर पडतच होतं. पाढा संपला की त्या म्हणू लागल्या, "बे दाहे वीस, आमेन." मी रागावले, तर विमल निरागसपणे म्हणाली, "बाई, संपलं हे कळाया काहीतरी नको का?" मी दोन-चारदा दटावलं आणि पुढं हसून सोडून दिलं. एवढ्याशा गोष्टीचं पुढं काय होणार, असं वाटलं.

वर्ग सातवीला पोचले आणि कुणीतरी वर अर्ज केला, की खडकमाळात पाद्री सरपंच शाळेच्या नावाखाली पोरी बाटवतोय. अर्ज कुणाचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चौकशीला शाळाखात्याचे दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले. एस.टी.तून उतरून भर उन्हात चालत आल्यामुळं आधीच तापलेले. वर्गात येऊन बरोबर क्रूसाखालच्या खुर्चीवर बसले. माणूस तरुण, कडक, पण वाईट नव्हता. त्यांनी विमलला सत्तावीसचा पाढा विचारला. पोरीनं न अडखळता, एका दमात म्हणून दाखवला. मी अभिमानानं फुगले. आणि पाढा संपल्यावर विमल म्हणाली, "आमेन." मागून सगळ्या पोरी, "आमेन!"

दिपोटींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं मला झालं. "बाई, हे काय?"

"साहेब, हे देवळातलं नाही," मी घाईघाईनं म्हणाले. "हे पंचायतीतून आलंय."

"पंचायतीतून?" साहेबांच्या भुवया टोपीला लागल्या.

बातमी गावभर झाली. दादा पाटील पेटले. "आमाला बाटवनारा अजून जलमाला यायचाय! बोलवा सभा. सायबाच्या म्होरं ठराव करू." चावडीवर दोन्ही आळ्या जमल्या, इतक्या एकदिलानं की मी तशा कधी पाहिल्या नव्हत्या. साहेबांना खुर्ची, पाणी, चहा सगळं झालं. ठराव दादा पाटलांनीच सांगितला. या गावात कोणालाही बाटवलेले नाही व मुलींचा वर्ग गावाच्या खुशीने चालू आहे. सरपंच म्हणून बाबांनी तो वाचला. वाचताना त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. पुढं काय होणार ते त्यांच्या आधीच ध्यानात आलं होतं. ते हात वर करून काही सांगणार, तेवढ्यात साहेबांना नीट ऐकू जावं म्हणून अख्ख्या चावडीनं छाती फुगवून गर्जना केली, "आमेन!"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाबांनी डोळे मिटून घेतले. दिपोटींच्या मिशा थरथरल्या. ते हसू होतं याबद्दल माझी खात्री आहे. पण माणूस कायद्याचा. बाहेर आल्यावर म्हणाले, "सरपंच, मला सगळं समजलं. पण माझ्या वरच्या साहेबांना मी हे समजावू कसं? देवळात वर्ग चालणार नाही. पुढची तपासणी होईपर्यंत गावानं वेगळी खोली बांधली तर ठीक. नाहीतर वर्ग बंद."

हे कमी होतं म्हणून की काय, नगरहून मिशनच्या कमिटीची माणसं आली. पाळकानं सरपंच व्हावं हे त्यांना पहिल्यापासून रुचलं नव्हतं, आणि आता तर चौकशी. त्यांनी सरळ सांगितलं, पाळकानं एकतर खुर्ची सोडावी, नाहीतर व्यासपीठ. दोन्ही नाही.

खुर्ची सोडणं सोपं होतं. पण बाबा जाणार एवढी कुणकुण लागायची खोटी, खोली कुणाच्या आळीत यावरून काठ्या निघायला लागल्या. चावडीवरून परतताना खंडूआबा मला भेटले. म्हणाले, "बाई, इमलीला चाकनकडचं स्थळ आलंय. शाळा हाय तवर मी थांबतो, तुमाला शबूद दिलाय. पन बंद झाली तर पोरगी घरात बशीवून करू काय?" त्यांचं तरी काय चुकत होतं? परीक्षा तोंडावर आलेली आणि विमलचं आयुष्य त्या एका खोलीवर अडकलेलं. तिच्याबरोबर आणखी चार-पाच जणींचंही.

मी मिशनच्या बंगलीवर गेले. बंगली म्हणायची, होत्या दोनच खोल्या. बाबांच्या पत्नी मार्थाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाबा पाठमोरे, खिडकीशी. मी काही बोलायच्या आतच मार्थाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"बाई, तुम्हीच सांगा यांना. हा माणूस शनिवारी धड जेवत नाही. उद्याचा उपदेश घोकत अंगणात येरझाऱ्या घालतो. आमच्या कोंबड्यांना पाठ झालेत यांचे उपदेश. व्यासपीठ सोडलं तर यांचं उरणार काय? आणि हे घर मिशनचं. जायचं कुठं?"

मला काय वाटत होतं ते बोलायचा मला हक्क नव्हता. मला माझा वर्ग हवा होता, आणि त्याची किंमत ही बाई मोजणार होती.

बाबा वळले. "मार्था, मी उपदेश केला नाही म्हणून देवाचं काही अडत नाही. दुसरा कुणी करेल. या पोरींचं मात्र अडलंय, आणि ते आजच अडलंय."

"आणि माझं?" मार्थाबाई म्हणाल्या.

बाबा पुन्हा खिडकीकडे वळले. मग मार्थाबाई उठल्या, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि फळीवरच्या ताटल्या एकेक करून जुन्या लुगड्यात गुंडाळायला लागल्या. "माझ्याकडे बघू नका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी रागातच आहे. पण भांडी आत्ताच बांधलेली बरी. पावसात हलवाहलव मला जमायची नाही." त्या बाईचे पाय धरावेत असं मला वाटलं. धरले असते तर तिनं मला झिडकारलं असतं, म्हणून नुसती ताटल्या बांधू लागले.

त्यानंतरच्या रविवारी बाबांनी शेवटचा उपदेश केला. मी विमल आणि दोघी-तिघींना घेऊन दारात उभी होते. काय बोलले ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्या आवाजाकडेच लक्ष देत होते. तो दोनदा फाटला. बोलणं आटोपून ते खाली उतरले, अंगातला पांढरा झगा काढला, नीट घडी घातली आणि मंडळीच्या कारभाऱ्याच्या हातात दिला. मग पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटच्या सतरंजीवर जाऊन मांडी घालून बसले. उरलेली उपासना त्या कारभाऱ्यानं अडखळत पुरी केली.

बाहेर आवारात दादा पाटील उभे होते. मिशनच्या आवारात त्यांनी पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ. बाबा दिसताच त्यांनी पागोटं सावरलं. "बाबा, आता तुमास्नी म्हनायचं काय? पाद्री तर ऱ्हायला न्हाईत."

"नुसतं बाबा म्हणा," बाबा म्हणाले. गावानं अर्थातच ते ऐकलं नाही. ते पाद्रीबाबाच राहिले.

राहायला जागा कासमभाईंनी दिली. ऑईल इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, हात सदा काळे, गॅरेजमागं दोन खोल्या. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "पहिले रूम बांधा बच्चियों का. आपलं नंतर बघू." आणि खोली उठली! दोन आळ्यांच्या मधोमध, जिथं कुणीच आधी काही बांधू दिलं नव्हतं तिथं. वरच्या आळीनं दगड आणले म्हणून खालच्या आळीनं जास्त आणले. दार कोणत्या आळीकडे, यावरून एक दिवस काम बंद पडलं. बाबांनी काय करावं? समोरासमोर दोन दारं ठेवली. वरच्या आळीच्या पोरी वरच्या दारानं येत, खालच्या खालच्या दारानं, आणि आत एकाच सतरंजीवर बसत. दिपोटी पुन्हा आले, खोली पाहिली, दोन दारं पाहिली आणि काही न विचारता सही करून गेले. विमल फायनल पास झाली. चाकणचं स्थळ तोवर थांबलं नव्हतं. पुढं तिला शेजारच्याच गावात त्याहून चांगलं घर मिळालं.

मी आयुष्यात पुष्कळ माणसांचे उपकार घेतले. काही फेडले, काही विसरले. पण त्या दोन दारांच्या खोलीत मी नंतर किती मुलींना शिकवलं, ते आठवलं की या नवरा-बायकोपुढं माझी मान आपोआप खाली जाते. मला दुसरं काही म्हणता येत नाही.

बाबा पुढं राजकारणातच राहिले. सरपंच म्हणून पुन्हा पुन्हा निवडून आले, मग पंचायत समितीवर गेले आणि तिथंही ठाण मांडून बसले; गावात सरकारी दवाखाना बांधवून घेतला. भोसरीकडून कारखाने सरकत सरकत आमच्या माळापर्यंत आले, शेतं विकली गेली, गावात परभणी-लातूरची बिऱ्हाडं आली. बाबांची ती विचारपूस नव्या बिऱ्हाडांच्या दारातही सुरू झाली. मतं त्यांनी कधी मागितली नाहीत. निवडणूक असो नसो, ते दारात यायचेच. एकदा मला म्हणाले, "देव न सांगता ऐकतो, बाई. सरकारला मात्र रोज जाऊन सांगावं लागतं. म्हणून पायपीट जास्त."

रविवारी ते देवळात शेवटच्या सतरंजीवर. नवे पाळक आले, गेले. मार्थाबाई मला सांगत, "पाळक वचन चुकीचं सांगतो ना, तेव्हा यांचे ओठ नुसते हलतात. घरी आल्यावर मला सगळा उपदेश पुन्हा ऐकावा लागतो, दुरुस्त करून." मधल्या काळात मिशनचीही माणसं बदलली होती. नव्यांनी आग्रह केला, की एखाद्या रविवारी तरी बोला. बाबांनी साफ नकार दिला. "मी अजून खुर्चीवर आहे. व्यासपीठावरून मी काही बोललो तरी कुणाला वाटेल मतं मागतोय. खुर्ची सुटली की बघू." पण खुर्ची सुटायची काही चिन्हं नव्हती. त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयारच नसे.

आणि मग विमल उभी राहिली.

तोवर ती चाळिशीला आलेली, सासरी दूध सोसायटी चालवणारी, तोंडानं माझ्याहून फटकळ. पंचायत समितीच्या त्याच जागेसाठी फॉर्म भरायच्या आधी ती कासमभाईंच्या गॅरेजमागच्या त्या खोल्यांत गेली. मार्थाबाईंना भेटायला आलेली मी तिथंच होते. बाबांच्या पाया पडली आणि उभी राहून म्हणाली, "बाबा, घरात आजारी कोण म्हणून तुम्ही सगळीकडं विचारता. पण तुम्ही बांधलेल्या दवाखान्यात डॉक्टर कितीदा असतो? आठवड्याचे आठवडे कुलूप. तुम्ही अर्ज करता, ते हो हो म्हणतात, तुम्ही परत येता. आता तुमच्या शब्दाला कुणी भीत नाही. मी उभी राहतेय."

बाबांचा चेहरा पडला. खरं तेच ती बोलली होती, आणि खरं बोललेलं म्हातारपणी जास्त लागतं. ते म्हणाले, "उभी राहा. पण मी माघार घेणार नाही. जागा पाहिजे तर जिंकून घे."

"तेच म्हणायला आले होते," विमल म्हणाली.

गाव फाटलं. मला विचाराल, तर मी कुणाला मत दिलं ते मी सांगणार नाही. मार्थाबाईंनीही सांगितलं नाही. मात्र मत देऊन त्या बाहेर आल्या तेव्हा गालात हसत होत्या. मी "काय हो?" म्हटलं, तर म्हणाल्या, "काही नाही. या माणसाच्या उपदेशाची दुरुस्ती ऐकून ऐकून माझे कान किटलेत, एवढंच."

बाबा पडले. चांगले पडले. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, मार्थाबाईंशीसुद्धा. हरणं त्यांना हसत घेता आलं असं मी म्हणणार नाही. माणूस होते ते. तिसऱ्या दिवशी देवळाचे तरुण पाळक त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, "बाबा, आता तरी?"

आम्ही तोवर पिंपरीला राहायला गेलो होतो, मत तेवढं अजून खडकमाळच्या यादीत होतं. यजमानांची तब्येत बरी नसायची, त्यामुळं त्या रविवारी मी जेमतेम अर्ध्या दिवसाची सवड काढून आले. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही आळ्या हजर. कासमभाईंचा मुलगा दाराशी चपला नीट लावत होता. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरी आल्या होत्या, आता त्या पोरी कसल्या, चांगल्या भारदस्त बाया. विमल सगळ्यांत पुढं, पदर घट्ट ओढून, खाली मान घालून. निवडून आल्यानंतर बाबांच्या समोर यायची तिची ती पहिलीच वेळ.

बाबा गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढले. वर जाऊन उभे राहिले. समोर बघत राहिले, सगळ्यांकडे, एकेका तोंडाकडे. मग त्यांची नजर विमलवर थांबली.

"पोरी," ते म्हणाले, "तू मला पाडलं नसतंस तर मी इथं पुन्हा कधी चढलो नसतो."

विमलनं पदर तोंडाला लावला आणि हुंदका दाबला. मीही काही कोरडी राहिले नाही. बायकांच्या बाजूनं मार्थाबाईंचा खणखणीत आवाज आला, "आता सुरू करा!" देऊळभर हशा पिकला. बाबांनी पुस्तक उघडलं आणि ते बोलायला लागले. आवाज जरा चिरका झाला होता, पण तोच. किती वेळ बोलले ते विचारू नका. दारातलं ऊन सरकत माझ्या पावलांपर्यंत आलं, लेकुरवाळ्यांची पोरं झोपून उठली, कुणाच्या घरी भाकरी करपल्या असतील देव जाणे. कुणी हललं नाही.

त्यानंतर बाबांची माझी भेट झाली नाही. पिंपरीची एस.टी. गाठायची होती, म्हणून मी हळूच उठले आणि दारात एकदा वळून पाहिलं. बाबांचा हात वर उचललेला होता, चेहरा लाल झाला होता आणि ते बोलतच होते.